बीएस्सी झालं, कलमं आहेत, पण लाइन ठरत नाही. कोकणातल्यांनी जरा सांगा

कातळावरचा | १४ मार्च, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

वय २२. गाव देवगड तालुक्यात, नाव नको, लगेच ओळखतील. गेल्या वर्षी बीएस्सी केमिस्ट्री झालं, सेकंड क्लास. घरी आई, बाबा, आजी. हापूसची ८० कलमं, त्यातली तीसेक म्हातारी. यंदा मोहोर दोनदा आला आणि दोन्ही वेळा थ्रिप्सनी खाल्ला. फवारणीच्या औषधांची उधारी अजून दुकानात आहे.

रोज रात्री जेवताना भाताबरोबर माझं करिअरही ताटात वाढलं जातं. काका (आधी परळ, आता डोंबिवली) म्हणतो, लोटे एमआयडीसीत केमिकल कंपनीत ओळख आहे, शिफ्टमध्ये लाग. मामा म्हणतो मर्चंट नेव्ही. त्याच्या ओळखीचा नवी मुंबईतला एक एजंट साडेचार लाखांत कोर्स आणि 'जहाजावर चढवायची गॅरंटी' देतो. आईचं म्हणणं, पुण्याला जाऊन तलाठ्याचा अभ्यास कर. मित्र तारकर्लीला स्कूबावर आहे, तो म्हणतो ये इकडे. बाबा काहीच म्हणत नाहीत, आणि खरा प्रॉब्लेम तोच आहे.

दहावीत बोर्डाची कल चाचणी झाली होती. माझा कल आला 'गणवेशधारी सेवा'. उंची पाच फूट तीन इंच, तळवे सपाट.

'तुला काय आवडतं ते कर' असं कृपया कोणी लिहू नका. मला काय आवडतं तेच माहीत नाही, म्हणून तर विचारतोय.

---

बंदरकर | १४ मार्च, रात्री ११:२०

बाकी सगळं राहू दे, आधी मामाला फोन करून सांग की एजंटला एक रुपया द्यायचा नाही.

मी ११ वर्षं जहाजावर आहे, आत्ता सुट्टीवर. जीपी रेटिंग (खलाशाचा सुरुवातीचा कोर्स) करून लागलो. सहा महिन्यांचा निवासी कोर्स असतो, वयाची अट २५ पर्यंत, म्हणजे तुला वेळ आहे. पण संस्था डीजी शिपिंग या केंद्राच्या नौवहन खात्याच्या मान्यता यादीत आहे का ते त्यांच्या साइटवर स्वतः बघायचं, एजंटने दाखवलेल्या रंगीत झेरॉक्सवर नाही. इंडोस नंबर (खलाशाचा नोंदणी नंबर), मेडिकल, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) हे सगळं रीतसर होतं. नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल नावाचं लायसन लागतं, आणि अशा लायसनवाल्याने खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेणं हा गुन्हा आहे. तेव्हा 'गॅरंटी'चे पैसे मागणारा माणूस तिथेच उघडा पडतो.

माझ्या बॅचचा एक जण असाच पैसे भरून गेला. त्याला आखातात एका जुनाट टगवर चढवलं. सात महिने पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे. घरचे रोज माझ्या आईला विचारायचे. सुटून आला, पण आता समुद्राकडे तोंडसुद्धा करत नाही.

रीतसर गेलास तरी एक ध्यानात ठेव. रेटिंगची मुलं कोर्स संपवून पहिल्या जहाजासाठी वर्ष-दीड वर्ष ऑफिसांच्या पायऱ्या झिजवतात. ऑफिसर व्हायचं तर आयएमयूची (मेरिटाइम युनिव्हर्सिटीची) सीईटी देऊन डीएनएस (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा) वगैरे, तो रस्ता वेगळा आणि खर्चही वेगळा. आणि सगळ्यात आधी डोळे तपासून घे. रंगांधळेपण निघालं तर विषयच संपला. ती तपासणी तालुक्याच्या गावातही होते, त्याला साडेचार लाख लागत नाहीत.

---

चाकरमानी_गिरगाव | १५ मार्च, सकाळी ७:०५

माझे वडील मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. त्यानंतर आमच्या खोलीत दोन वर्षं गावच्या तांदळाचं पोतं यायचं म्हणून आम्ही जेवलो. गावाने मुंबईला पोसलं, हे आजच्या पिढीला माहीत नाही. आंब्यासारखं सोनं दारात असताना तरुण मुलं पंधरा-वीस हजारांसाठी धावतात. माती धरा, माती सोडू नका. मी तर रिटायर झालो की गावीच येणार.

---

रेवदंडा_एसटी | १५ मार्च, सकाळी ८:३१

काका, तुम्ही रिटायर होऊन येणार आणि त्याने २२ व्या वर्षीच माती धरायची, हे गणित भारी आहे.

---

चाकरमानी_गिरगाव | १५ मार्च, सकाळी ८:४०

विषय भरकटवू नये.

---

पेटीबंद | १५ मार्च, दुपारी २:१२

मी बागायतदार. कलमं दीडशे, त्यातली पन्नास कराराने घेतलेली. सोनं कोण म्हणालं वर? हे सोनं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत झाडावर बसून शिव्या देतं. थंडी पडली तर मोहोर, जास्त पडली तर पुनर्मोहोर, आणि मग आधीची सुपारीएवढी फळं गळतात. तुडतुडे, थ्रिप्स, करपा, भुरी. प्रत्येक फवारणीला औषध, पाणी, पेट्रोल, माणसं. राखणीला नेपाळी जोडपं, त्यांचा पगार वेगळा. जीआय (भौगोलिक मानांकन) २०१८ मध्ये मिळालं, छान झालं, पण त्याने थ्रिप्स मरत नाहीत.

८० कलमांवर चार माणसांचं घर चांगल्या वर्षी चालतं, वाईट वर्षी औषधवाला चालवतो. तेव्हा बाग सोडू नकोस, पण बागेवर विसंबूही नकोस. तुझे बाबा का बोलत नाहीत ते मला कळतं. माझाही मुलगा बारावीला आहे आणि मीही गप्प असतो. 'ये' म्हणायची हिंमत नाही, 'जा' म्हणवत नाही.

म्हाताऱ्या कलमांची छाटणी करून पुनरुज्जीवन होतं, दापोली विद्यापीठाची शिफारस आहे. दोन-तीन वर्षं फळ सोडावं लागतं मात्र.

---

अभ्यासिका_खुर्ची_४२ | १५ मार्च, रात्री ९:५५

आईंचा पर्याय मी जगून झालोय म्हणून लिहितो. मूळ गाव राजापूर. पुण्यात नवी पेठेत चार वर्षं काढली. तलाठ्याची भरती २०१९ ला झाली, नंतर थेट २०२३ ला. ४,६४४ जागा आणि दहा लाखांवर अर्ज. मला मार्क वाईट नव्हते, हेच सगळ्यात वाईट. वाईट असते तर सुटलो असतो. थोडक्यात हुकलेला माणूस आणखी दोन वर्षं खुर्ची सोडत नाही.

आपल्याकडे दरवर्षी दहावी-बारावीत कोकण विभाग राज्यात पहिला येतो, पेढे वाटतात. पुढे त्या पहिल्या आलेल्यांचं काय होतं ते माझ्या अभ्यासिकेत येऊन बघा.

द्यायचीच असेल तर दे, पण जाण्याआधी घरच्यांच्या समोर तारीख ठरव: अमुक महिन्यानंतर नाही. कागदावर लिहून फ्रीजवर चिकटव. मी चिकटवली नव्हती. आता चिपळूणला इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे, बरं चाललंय.

---

सुरंगीचा_वळेसर | १६ मार्च, दुपारी ४:०३

वेंगुर्ल्याकडची आहे, काजूचं छोटं युनिट चालवते, सहा बायका कामाला. आमच्याकडे आत्याच्या मुलीला स्थळं यायची तेव्हा आजी पगार विचारायचीच नाही. मुलाच्या बापाला एकच विचारायची, "आणि पावसात काय करता?" होडीवाला असो, चिऱ्याच्या खाणीवाला असो, टेम्पोवाला असो. त्या एका उत्तरात तिला सगळं कळायचं. घरात उधारी आहे का, माणूस बसून खातो का, दारू पितो का. आम्ही हसायचो. आता स्वतः धंदा करते तेव्हा कळतं की ती ऑडिट करत होती.

तुला आलेल्या प्रत्येक पर्यायाला हाच प्रश्न विचार. कोकणात आठ महिने सगळेच राजे असतात.

माझं सांगते. काजूची बी मार्च ते मे खरेदी करायची, तेव्हा सगळा पैसा अडकतो. पावसात बी फोडायची. बी वाफवून, सुकवून, कटरवर फोडतो. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी जाते, म्हणून बायका आधी हाताला तेल-राख चोळून बसतात, ग्लोव्हज दिले तरी तासाभरात काढून ठेवतात. मग भट्टी, सोलणं आणि प्रतवारी. ३२० नंबर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर, २१० म्हणजे मोठे. तुकडा पडला की भाव पडला. म्हणजे माझा पाऊस कामात जातो, पण माझा एप्रिल कर्जात जातो. सुखाची लाइन नाहीये कुठली.

करायचं मनात असेल तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्ज घेतलं तर प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, कमाल १० लाख. पण पहिल्या वर्षी मशीन घेऊ नकोस. दुसऱ्याच्या युनिटवर महिनाभर बस आधी.

---

रेवदंडा_एसटी | १६ मार्च, दुपारी ४:२०

आजींना दंडवत. धाग्याचं शीर्षक बदलून 'आणि पावसात?' करा.

---

खारं_वारं | १६ मार्च, रात्री ८:४४

मी फ्रीज-एसीवाला. आयटीआय, रेफ्रिजरेशनचा ट्रेड, दोन वर्षं. दहावीला ५२ टक्के होते म्हणून घातलं होतं, 'हुशार' भावाला इंजिनीअरिंगला. भाऊ सध्या माझ्याकडून उसने घेतो, पण ते इथे नको.

किनाऱ्यावर एसीचा कॉइल खारं वारं खातं. अॅल्युमिनियमच्या पात्या बोट लावलं की पिठासारख्या गळतात. घाटावर जो एसी दहा वर्षं चालतो त्याला इथे चार वर्षांत मी लागतो. मालवण-तारकर्लीत होमस्टे किती झालेत बघा, प्रत्येकात दोन-तीन मशीन. मार्च ते मे जेवायला वेळ नसतो. आणि पावसात? पावसात वीज येते-जाते, पीसीबी उडतात, इन्व्हर्टर, पंप. जुलैत थोडा बसतो, तेव्हा भात लावतो.

बीएस्सी झालेल्याला आयटीआय सांगितलं तर घरचे माझ्या नावाने नारळ फोडतील. तरी सांगितलं.

---

कातळावरचा | १७ मार्च, रात्री ११:३०

सगळ्यांना धन्यवाद. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

मामाला आरपीएसएल नंबर विचारायला लावला. एजंट म्हणाला, "ऑफिसला या, मग दाखवतो." मामा आता म्हणतो की तो त्याचा एवढा काही ओळखीचा नव्हताच. तो विषय संपला.

काल तारकर्लीला गेलो होतो. आजींचा प्रश्न मित्राला विचारला. तो आधी हसला. मग म्हणाला, मे संपला की समुद्र बंद, सप्टेंबरपर्यंत घरी. सीझनला टिप धरून चांगले मिळतात. पाहुण्याला सहा-सात मीटर खाली न्यायचं, फोटो काढायचे, वर आणायचं, दिवसाला दहा-बारा फेऱ्या. तो डाइव्हमास्टरचा कोर्स करणार आहे, म्हणजे पुढे बाहेर जाता येईल. मला त्याने पाण्यात नेलं. चार मीटरवर कान असा दुखला की हातवारे करून वर आलो. नाक दाबून फुंकायचं असतं, मला ते साधेना. मासे मात्र छान होते.

म्हणजे दोन लाइन कमी झाल्या. उरलं लोटे, पुणे आणि घर. बाबांना विचारलं, "मी लोट्याला जाऊ का?" म्हणाले, "पंपाचा वॉशर आण उद्या देवगडात गेलास तर."

---

पेटीबंद | १८ मार्च, सकाळी ६:५०

वॉशर आणलास का?

---

पांढरा_कोट | १८ मार्च, दुपारी १:१५

केमिस्ट्री हा शब्द धाग्यात एकदाच आला आणि सगळे विसरले. अरे, तीन वर्षं शिकलायस ना ते?

दोन गोष्टी. एक, बीएस्सीवर मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो. ओरोसला २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, खासगी लॅब तर प्रत्येक तालुक्यात. पावसात काय, असं विचारशील तर पावसातच जास्त काम: लेप्टो, डेंगी, मलेरिया.

दोन, आणि ही मी स्वतः केलेली. आंब्याच्या पल्पचे कारखाने. एप्रिल मध्यापासून जून मध्यापर्यंत प्रत्येकाला लॅबमध्ये हात कमी पडतात. मी रत्नागिरीला तीन सीझन केले. नंतर ऑगस्टमध्ये, मासेमारीची बंदी उठली की मिरकरवाडा बंदराला बोटी लागतात आणि एक्स्पोर्टवाल्या फिश प्रोसेसिंगच्या प्लँटना क्वालिटीची माणसं लागतात. तिथे पहिला मान शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून आलेल्यांना, ते बरोबरच आहे. पण मायक्रोच्या (जिवाणूंच्या), पाण्याच्या, बर्फाच्या टेस्टना केमिस्ट्रीवाले चालतात. आंबा संपतो तेव्हा मासे बंद, मासे सुरू होतात तेव्हा आंबा नाही. मधले दीड महिने मात्र कोरडे, म्हणजे ओले.

पगार सुरुवातीला लोट्याहून कमी मिळेल हे आधीच सांगते. कायमची ऑर्डर पहिल्या वर्षी विसर. पण ४० दिवसांत तुला कळेल की लॅबमध्ये उभं राहणं जमतं की नाही. कुठल्याही कल चाचणीपेक्षा स्वस्त. तुमच्या तालुक्यातही कॅनिंगवाले आहेत, बायोडेटा मेल करू नकोस, सकाळी नऊला जाऊन गेटवर उभा राहा.

---

चाकरमानी_गिरगाव | १८ मार्च, संध्याकाळी ६:२२

पांढरा_कोट यांचा प्रतिसाद आवडला. माझ्या भाचीसाठी विचारतो, बारावी सायन्स आहे, मुलींना फी माफ झाली म्हणतात ते खरं का?

---

पांढरा_कोट | १८ मार्च, संध्याकाळी ७:००

२०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. हॉस्टेल, मेस त्यात नाही. प्रवेश कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) हवा. नवीन धागा काढा, इथे मुलगा अडकलाय.

---

कातळावरचा | ९ मे, रात्री १२:१०

उशिरा लिहितोय, रागावू नका. २२ एप्रिलपासून कॅनिंगला जातोय. घरापासून बाइकने पाऊण तास. गेटवर दोन दिवस उभा राहिलो, तिसऱ्या दिवशी लॅबवाल्या बाईंनी विचारलं, "टायट्रेशन येतं?"

कॉलेजात ज्या टायट्रेशनला तीन वर्षं शिव्या घातल्या तेच दिवसात तीस-तीस वेळा करतोय. थेंबाथेंबाने अल्कली घालत, रंग बदलेपर्यंत, पल्पची आम्लता काढायची. पण कॉलेजात पाणी स्वच्छ असायचं, इथे पल्प पिवळाधमक, फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग दिसतच नाही. पहिल्या दिवशी सगळी रीडिंग चुकली. बाईंनी दाखवलं, आधी भरपूर पाणी घालून पातळ कर, पांढरी टाइल खाली ठेव, आणि पहिल्या गुलाबी झाकेलाच थांब, दुसऱ्या थेंबाची वाट बघू नकोस. आता जमतं.

दुसरं म्हणजे ब्रिक्स, पल्पमधल्या साखरेचा आकडा. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. गरम पल्प तसाच ठेवला तर आकडा चुकतो. रात्रपाळीला मशीन थांबलं की शंभर माणसं मी काय आकडा सांगतो त्याची वाट बघतात. माझ्या आकड्यासाठी आजवर कोणी थांबलं नव्हतं हो. बारावीच्या निकालालासुद्धा नाही.

वाईट पण लिहितो. पाय सुजतात. आंब्याचा वास आता नको होतो. मुकादम सगळ्यांवर ओरडतो. कॅनिंगला येणारा आंबा कुठल्या भावाने घेतात ते गेटवरच दिसतं, आणि रांगेत आमच्या वाडीतले टेम्पो असतात. एकदा बाबाच होते. मी पांढऱ्या कोटात, ते टेम्पोत. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

---

पेटीबंद | ९ मे, सकाळी ६:१५

हे वाचून चहा गार झाला.

---

सुरंगीचा_वळेसर | ९ मे, सकाळी १०:४८

एक दिवस डबा खाताना गेटवर जा. मुद्दाम.

---

बंदरकर | ११ मे, सकाळी ११:००

परवा जॉइन होतोय, सहा महिने नेट मिळेल न मिळेल. डोळे तपासलेस का रे? जहाजासाठी नाही, गुलाबी रंगासाठी.

---

कातळावरचा | १६ जून, रात्री ९:३५

डोळे ठीक आहेत, बंदरकर.

परवा कारखाना बंद झाला. बाईंनी रत्नागिरीच्या एका प्लँटला सांगितलंय, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाऊन भेटायचं. ठेवतीलच असं नाही. काका लोट्याचं अजून सोडत नाही, त्याला म्हटलं दिवाळीपर्यंत थांब. तारीख लिहून फ्रीजवर लावलीये, अभ्यासिका_खुर्ची_४२ यांना खास आभार. आईने त्यावरच दुधाचा हिशोब लिहिला.

सध्या भात पेरून झालाय, लावणीला वेळ आहे. आजीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माझ्या बाबतीत जून आणि जुलै हेच.

शेवटच्या दिवशी बाईंनी जुना, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर दिला, काचेला ओरखडा आहे म्हणून. घरी आणला. माळ्यावर गवतात शेवटचे आंबे होते. बाबा बघत होते. मी एकाचा थेंब ठेवला, खिडकीकडे धरून बघितलं आणि बाजूला ठेवला. ते म्हणाले, "कितको?" म्हटलं, सतरा. मग ते स्वतः उठले, आत जाऊन वेगळे ठेवलेले चार आंबे घेऊन आले, खालच्या बांधावरच्या म्हाताऱ्या कलमांचे, जी तोडायची असं दोन वर्षं घरात चाललंय. "ह्येचा बघ."

वीस.

त्यांनी यंत्र माझ्या हातातून घेतलं, एक डोळा मिटून बराच वेळ बघत बसले. आकडा त्यांना दिसला की नाही माहीत नाही, चष्मा काढला नव्हता. नंतर पेटीच्या फळीवर पेन्सिलीने '२० – खालचा बांध' असं लिहून ठेवलं.

---

पेटीबंद | १७ जून, सकाळी ६:०५

खालच्या बांधाला सकाळचं ऊन लागतं की दुपारचं?

---

कातळावरचा | १७ जून, सकाळी ७:४०

दुपारचं. बाबांना विचारून सांगतो.